काजव्यांचे संकलित छायाचित्र : हौशी छायाचित्रकारांच्या संगणकीय संस्करणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयीन संकेतात काजवा हा क्षुद्रतेचा व क्षणिकतेचा दृष्टांत म्हणून रूढ आहे. सूर्यापुढे काजव्याचा पाड काय, असे विचारले जाते. डोक्यावर आघात झाला की डोळ्यांपुढे जे चमकून जातात तेही काजवेच. हा संकेत गेल्या दीड-दोन दशकांत हौशी छायाचित्रकारांनी जवळजवळ उलटा केला आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून मृगाच्या सरी स्थिरावेपर्यंत अकोले तालुक्यातील भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी आणि मावळातील राजमाची या परिसरांत काढलेली जी छायाचित्रे दरवर्षी पाहण्यात येतात, त्यांत काजवा क्षुद्रही नसतो आणि क्षणिकही नसतो. झाडाचा बुंधा, फांद्या, खालचे गवत, पलीकडचा डोंगर असे सर्व काही हजारो स्थिर ठिपक्यांनी उजळलेले असते. असे दृश्य त्या जागी त्या रात्री उभ्या असलेल्या कोणाही मनुष्याने पाहिलेले नसते. ते संगणकावर संकलित केलेले असते.

या प्रकाराबद्दल दोन ठरावीक प्रतिक्रिया आढळतात. ही फसवणूक आहे, असे एक पक्ष म्हणतो. कलावंताला एवढे स्वातंत्र्य असलेच पाहिजे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष संस्करण झाले की नाही एवढेच विचारतात. कोणते संस्करण झाले, त्याने मूळ नोंदीतील काय राखले आणि काय टाकले, याची विचारपूस सहसा होत नाही. प्रस्तुत निबंधात ती काजव्यांच्या संकलित छायाचित्रापुरती केली आहे. या एका प्रकारात हौशी संस्करणाची बहुतेक सर्व साधने एकत्र आलेली असल्याने उदाहरण म्हणून तो सोयीचा आहे.

पूर्वपरंपरा

अनेक नोंदींतून एक चित्र करण्याची रीत संगणकाने आणलेली नाही. १८५६-५७ मध्ये फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची चित्रे करताना पाण्याची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह वापरल्या. त्या काळची कलोडियन काच निळ्या रंगाला अतिसंवेदनशील असल्याने लाटा नीट उमटू दिल्या तर आकाश कोरे पडे, ही त्यामागील अडचण होती. पुढे अन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय १९४१ मध्ये टिपला आणि त्या एकाच निगेटिव्हचे मुद्रण कित्येक दशके केले. आरंभीच्या प्रतींत आकाशात ढग दिसतात, उत्तरकाळातील प्रतींत ते आकाश जवळजवळ काळे आहे. अ‍ॅडम्सचे शिक्षण पियानोवादकाचे असल्याने तो निगेटिव्हला स्वरलिपीची आणि मुद्रणाला वादनाची उपमा देत असे. आपल्याकडील परिभाषेत बंदिश आणि गायकी असे म्हणता येईल.

हौशी छायाचित्रकार आपल्या समर्थनार्थ ही परंपरा वारंवार पुढे करतात आणि ते गैर नाही. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर, म्हणजे लेयर, आले. २००३ पासून हजार डॉलरच्या आतील डिजिटल एसएलआर कॅमेरे मिळू लागले. २००७ मध्ये लाईटरूम आले. अंधारखोलीत निष्णात मुद्रकाला जे साधत असे, ते घरच्या मेजावर करता येऊ लागले. तथापि या परंपरेचा दाखला देताना एक भेद निसटतो. ल ग्रेने जोडलेले पाणी आणि आकाश या दोन वस्तू होत्या. काजव्यांच्या छायाचित्रात एकाच वस्तूचे निरनिराळे काळ जोडलेले असतात, आणि काळ जोडण्याचे नियम वस्तू जोडण्याच्या नियमांहून वेगळे आहेत.

‘लायटन’ची रीत

प्रत्यक्ष कृती अशी असते. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का केला जातो. तिन्हीसांजेला, आकाशात थोडा निळा उजेड असतानाच, झाड व भूदृश्य यांची एक फ्रेम घेतली जाते. ही पायाची फ्रेम होय. त्यानंतर कॅमेरा तसूभरही न हलवता काळोख दाटण्याची वाट पाहिली जाते. काजवे चमकू लागले की लेन्सचे छिद्र शक्य तेवढे उघडून, आयएसओ वाढवून, पंधरा ते तीस सेकंदांच्या एकामागून एक अशा फ्रेम घेतल्या जातात. त्यांची संख्या दहा असू शकते, दोनशेही असू शकते. घरी आल्यावर या सर्व रॉ फाईल एकमेकींवर थरांच्या रूपाने रचून ‘लायटन’ या मिश्रणपद्धतीने एकजीव केल्या जातात.

‘लायटन’ म्हणजे बेरीज नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक बिंदूपाशी सर्व थरांची तुलना होते आणि त्यांतील सर्वांत उजळ मूल्य तेवढे ठेवले जाते; बाकीची मूल्ये टाकली जातात. एखाद्या पानावर शंभर फ्रेमपैकी एकाच फ्रेममध्ये काजवा चमकला असेल आणि नव्याण्णव फ्रेममध्ये तेथे काळोख असेल, तरी अंतिम चित्रात तेथे प्रकाशच दिसतो. मतमोजणीच्या भाषेत सांगायचे तर नव्याण्णवांविरुद्ध एकाचा विजय होतो, आणि तोही प्रत्येक बिंदूपाशी.

याच साधनाच्या अन्य दोन रीतींशी तुलना केल्यास हा पक्षपात स्पष्ट होतो. आकाशनिरीक्षक अनेक फ्रेमची सरासरी काढतात. सरासरीने यादृच्छिक नॉईज फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. सोळा फ्रेम घेतल्या तर तो एक चतुर्थांश उरतो आणि मुळात असलेली अंधूक तेजोमेघाची आकृती वर येते. दुसरी रीत मध्यकाची. वर्दळीच्या चौकाच्या वीस फ्रेम घेऊन प्रत्येक बिंदूचा मध्यक काढला की ये-जा करणारी माणसे नाहीशी होतात आणि निर्मनुष्य चौक उरतो. सरासरीला जे सातत्याने आहे त्याची ओढ असते, मध्यकाला जे बहुतांश वेळ आहे त्याची. कमाल मूल्य मात्र जे एकदाच आणि क्षणभर होते त्याला कायमचे करते. तिन्ही क्रिया गणिताच्या दृष्टीने सारख्याच निर्दोष आहेत. परंतु तिघींनी काजव्यांच्या एकाच रात्रीविषयी तीन परस्परविरोधी विधाने केली असती. सरासरीतून जवळजवळ काळे झाड मिळाले असते आणि मध्यकातून तर काजवा बहुधा पुरता नाहीसा झाला असता. काळोख हे त्या झाडाचे अधिक काळ टिकणारे रूप आहे, हे यावरून लक्षात यावे.

कमाल मूल्याची किंमतही असते. प्रत्येक बिंदूपाशी नॉईजचेही सर्वांत मोठे मूल्य निवडले जात असल्याने फ्रेम वाढतील तसा काळोख करडा आणि रवाळ होत जातो. मग नॉईज कमी करण्याची साधने चालवली जातात, गडद छटा खाली ओढल्या जातात, तप्त पिक्सेल एकेक करून पुसले जातात. (तप्त पिक्सेल आणि दूरचा काजवा यांतील फरक संस्कारकर्त्याला प्रत्येक वेळी कळतोच असे नाही.) म्हणजे वाढीव फ्रेमनी आणलेला दोष झाकण्यासाठी पुढचे संस्करण करावे लागते, आणि चित्र मूळ नोंदीपासून आणखी एक पायरी दूर जाते.

विरामाचा प्रश्न

काजव्याचा प्रकाश हा संदेश आहे. नर आपल्या जातीच्या ठरावीक लयीने लुकलुकतो, मादी तिच्या ठरावीक विलंबाने उत्तर देते. दोन लुकलुकींमधील काळोखाची लांबी हा त्या संदेशाचा अविभाज्य घटक होय. काही जातींत एका झाडावरील असंख्य नर एकाच ठेक्यात चमकतात, सर्व झाड क्षणभर उजळते आणि क्षणभर पूर्ण विझते. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांखाली उभे राहणाऱ्याला जे भारून टाकते ते हे विझणेसुद्धा. संकलित छायाचित्रात विझणे नसते. तालातील खाली वगळून केवळ टाळ्या एकत्र कराव्यात, तसा हा प्रकार आहे.

स्थिर छायाचित्राला काळ दाखवता येत नाही म्हणून हे अटळ आहे, असा युक्तिवाद येथे होईल. तो टिकणारा नाही. फ्रेंच शरीरक्रियातज्ज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये एकाच काचेवर ठरावीक अंतराने अनेक एक्स्पोजर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या हालचाली नोंदवल्या. आकृती एकमेकींवर चढू लागल्या तेव्हा १८८३ मध्ये त्याने माणसाला काळे कपडे चढवून हातापायांवर फक्त पांढऱ्या रेघा ठेवल्या. माहिती वाचता यावी म्हणून त्याने ती कमी केली. दोन रेघांमधील रिकामी जागा हे त्याच्या चित्रातील काळाचे माप होते.

काजव्यांच्या छायाचित्रात हीच शक्यता दडलेली आहे आणि चांगल्या चित्रांत ती दिसतेही. उडता काजवा दीर्घ एक्स्पोजरमध्ये तुटक रेघ सोडतो: ठिपका, रिकामी जागा, ठिपका, रिकामी जागा. त्या रेघेवरून तो कोणत्या बाजूने आला हे सांगता आले नाही, तरी त्याची लय वाचता येते. दहा-पंधरा फ्रेमच्या संकलनात अशा रेघा सुट्या राहतात. डोळा एकेकीचा माग काढू शकतो. फ्रेमची संख्या शंभरावर गेली की एका रेघेच्या रिकाम्या जागेत दुसरीचा ठिपका बसतो आणि सर्वांचा मिळून सोनेरी चुरा होतो. प्रस्तुत विषयातील कलादृष्टीचा आणि सत्यनिष्ठेचा प्रश्न या ठिकाणी एकच होतो. किती फ्रेमनंतर थांबायचे, हा निर्णय संस्करणाच्या अन्य सर्व निर्णयांहून महत्त्वाचा आहे, आणि बहुसंख्य हौशी छायाचित्रकार तो चित्र ‘भरलेले’ दिसते की नाही एवढ्यावर घेतात. भरगच्चपणाला सौंदर्य मानण्याची ही सवय लग्नाच्या मांडवापुरती ठीक आहे.

ताऱ्यांच्या रेषांच्या छायाचित्रांशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्टारस्टॅक्स या मोफत प्रणालीत दोन फ्रेममधील खंड भरून काढण्याची वेगळी सोय आहे. तारा तर अखंड तेवत असतो. रेषेत पडलेला खंड कॅमेऱ्याने दोन फ्रेमच्या मध्ये घेतलेल्या विश्रांतीचा असतो. तो भरला तर नोंद वस्तुस्थितीच्या जवळ जाते. काजव्याचा विराम कॅमेऱ्याचा नसून काजव्याचा आहे. एकाच ‘लायटन’ पद्धतीने ताऱ्याच्या बाबतीत दुरुस्ती होते आणि काजव्याच्या बाबतीत लोप होतो. म्हणून तंत्रावरून निवाडा करता येत नाही, विषय पाहावा लागतो.

रंग आणि पुसलेली माणसे

रंगाचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. मंद उजेडात मानवी डोळ्याच्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही; त्यामुळे रात्र निळी दाखवावी की करडी, हा केवळ संकेताचा भाग आहे. व्हाईट बॅलन्स खाली आणून रात्र निळी करणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. काजव्याचा स्वतःचा प्रकाश मात्र पिवळसर हिरवा असतो. तो ओढून सोनेरी, कधी नारिंगी करण्याची जी चाल पडली आहे, ती कॅलेंडरांच्या छपाईतून आलेली दिसते आणि तिच्या समर्थनार्थ काही सांगण्यासारखे नाही.

पुसण्याचा प्रश्न लहान नाही. काजव्यांच्या दिवसांत या गावांत पर्यटकांची गर्दी लोटते. फ्रेममध्ये मोटारींचे दिवे येतात, विजेऱ्यांचे झोत येतात, भ्रमणध्वनीचे पडदे चमकतात. ‘लायटन’ सर्वांत उजळ तेच ठेवत असल्याने असा एकच झोत सारे चित्र बिघडवू शकतो. म्हणून त्या फ्रेम वगळल्या जातात किंवा त्यांतील तेवढा भाग झाकला जातो. उरलेसुरले डाग हीलिंग ब्रशने भरले जातात. अंतिम चित्रात आदिम, निर्मनुष्य वन दिसते. कृत्रिम प्रकाशाने काजव्यांच्या नर-मादीतील संकेतांची देवाणघेवाण बिघडते, हे कीटकशास्त्रात प्रस्थापित आहे. म्हणजे चित्रातून जे पुसले गेले, तेच त्या रात्री काजव्यांच्या जीविताला बाधक असे वास्तव होते. स्वच्छ केलेले चित्र पाहून पुढील वर्षी आणखी लोक येतात. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ न देता, हातातला पडदा न विझवता पाहणाऱ्याला समोरचे लुकलुकते झाड चित्राहून उणे वाटणे स्वाभाविक आहे, आणि उणे वाटले की तो विजेरी लावून जवळ जातो. याचा सारा दोष छायाचित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि गर्दीचा एक भाग असलेल्याने गर्दी पुसून एकांत सादर करावा, यातील विसंगती त्याच्या ध्यानात यायला हवी होती.

चित्राखालील ओळ

संकलित छायाचित्र प्रामाणिक असू शकते काय? श्रीराम मुरली यांच्या ‘लाइट्स फँटॅस्टिक’ या छायाचित्राचे उदाहरण घ्यावे. तमिळनाडूतील अनामलाई व्याघ्र प्रकल्पात टिपलेल्या या चित्राला लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०२३ मध्ये अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या वर्तनाचे पारितोषिक मिळाले. चित्रासोबतच्या मजकुरात सांगितले होते की प्रत्येकी १९ सेकंदांच्या ५० फ्रेम एकत्र केल्या असून त्यांत सुमारे १६ मिनिटांतील लुकलुक दिसते. गुणाकार केला तर ९५० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांना दहा सेकंद कमी. या दोन आकड्यांनी पाहणाऱ्याचे स्थान बदलते. आपण क्षण पाहत नसून पाव तासाचा हिशेब पाहत आहोत, हे त्याला कळते. एखाद्या नकाशावर प्रमाणपट्टी असावी तसे हे आहे. प्रमाणपट्टी नसलेला नकाशा खोटा नसतो, पण त्यावरून अंतर मोजता येत नाही.

याच स्पर्धेच्या इतिहासातील दुसरी घटना येथे नोंदवण्याजोगी आहे. २००९ चे सर्वोच्च पारितोषिक मिळालेले, फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र जानेवारी २०१० मध्ये अपात्र ठरवण्यात आले. तो लांडगा वन्य नसून शिकवलेला असावा, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. आक्षेप संस्करणावर नव्हताच, तो चित्रासोबत केलेल्या दाव्यावर होता. एकही बिंदू न बदललेले चित्र सदोष ठरू शकते आणि पन्नास थरांचे चित्र निर्दोष. चित्राखालची ओळ हा चित्राचाच भाग मानला, तर या दोन्ही निर्णयांत विसंगती राहत नाही.

हौशी मंडळांच्या प्रदर्शनांत ओळीची जागा बहुधा कॅमेरा, लेन्स व आयएसओ यांच्या नोंदीने व्यापलेली असते. एका फ्रेमचे एक्स्पोजर तीत असते. फ्रेम किती, हे नसते. परिणामी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही चित्रे निरुपयोगी होतात. एकाच झाडाचे गतवर्षीचे चित्र पन्नास फ्रेमचे आणि यंदाचे दोनशे फ्रेमचे असेल, तर काजवे घटले असूनही ते वाढल्यासारखे दिसतील. सह्याद्रीतील काजव्यांची संख्या घटत असल्याची चिंता व्यक्त होत असताना, त्याच झाडांपुढे दरवर्षी शेकडो तास कॅमेरे लावून बसणाऱ्या माणसांकडून अशी तुलना करता येण्याजोगी नोंद मिळू नये, ही खेदाची बाब आहे.

वस्तुतः ती नोंद तयार होत असते. संकलनापूर्वीच्या सुट्या रॉ फाईल म्हणजे एका जागेचे, ठरावीक अंतराने, सारख्या एक्स्पोजरचे निरीक्षण होय. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागाला याहून पद्धतशीर सामग्री मुद्दाम मागूनही मिळणार नाही. त्यांत विजेरीचे झोत असलेल्या, चित्रकर्त्याच्या दृष्टीने वाया गेलेल्या फ्रेमही असतात, आणि झोतानंतर काजवे किती वेळ मंदावतात हे केवळ त्यांवरूनच पाहता येईल. परंतु एकेक रॉ फाईल पंचवीस ते पन्नास मेगाबाईटची. दोनशे फ्रेमची एक रात्र पाच ते दहा गिगाबाईट जागा घेते. चित्र मनासारखे उतरले की सर्व थर सपाट करून जेपीईजी राखली जाते आणि मूळ फाईल पुसून पुढच्या शनिवारसाठी जागा केली जाते. पुसलेल्या प्रत्येक फाईलवर ती केव्हा घेतली याची वेळ सेकंदासह नोंदलेली असते. सपाट केलेल्या चित्रात वेळ उरलीच, तर ती त्यांपैकी एकीची असते, आणि पुष्कळदा ती काजवे निघण्यापूर्वीच्या तिन्हीसांजेची असते.